पेंटरीणबाईंचा पांढरा कॉसमॉस

जन्मभर रंगात बुडालेल्या माणसाच्या अंगणात एकही रंगीत फूल नसावं, याची गल्लीत सगळ्यांना गंमत वाटायची. पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आठवडाभरात कुणाकुणाच्या पाट्या झाल्या ते त्यांच्या नखांत बघून सांगता यायचं. आणि घरामागच्या चिंचोळ्या अंगणात मात्र नुसता पांढरा कॉसमॉस. तोही साधा नव्हे, डबल. साध्या कॉसमॉसला आठ पाकळ्या आणि मध्ये पिवळं बटण, झालं फूल. या डबलमध्ये पाकळ्यांच्या आत पाकळ्या आणि त्यांच्या आत आणखी बारक्या पाकळ्या. पिवळं कुठे आहे ते वाकून शोधावं लागायचं.

आता ही हौस काकांची असेल असं कुणाला वाटत असेल, तर तो काकांना ओळखत नव्हता असं समजा. त्यांना कॉसमॉस आणि शेपू यांतला फरक फूल आल्यावर कळायचा. हौस होती त्यांच्या बायकोची. लग्न होऊन आली तेव्हा खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या डबीतून ती माहेरचं बी घेऊन आली होती. तिला गल्ली पेंटरीणबाई म्हणायची. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेत म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. ती म्हणायची, माझ्या हातून जन्मात एक रेघ सरळ निघाली नाही आणि मी म्हणे पेंटरीण. पांढरंच का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. यांच्या कपड्यांवरून घरात येतो तेवढा रंग मला पुरतो.

स्वभावाने बाई मऊ. दारात आलेल्या मांजराला दूध, शेजारच्या पोरांना खाऊ, पाहुण्याला आग्रह. पण कॉसमॉसच्या वाफ्यात शिरली की निराळीच बाई. घर बांधताना उरलेला चुना-विटांचा राडारोडा जिथे टाकला होता, त्याच भिकार जमिनीत ती बी टाकायची. खत नाही. पाणी द्यायचं तेसुद्धा पानं मान टाकून गयावया करायला लागली की, आणि तेही हात राखून. एखादं रोप जरा जास्त हिरवंगार झालं की कमरेवर हात ठेवून त्याला विचारायची, "माजलास का रे?" आणि शेंडा कापून टाकायची.

सगळ्यात कडक कायदा मात्र फुलं यायला लागल्यावरचा. पहिलं फूल उघडलं आणि ते आठ पाकळ्यांचं निघालं, तर ते रोप मुळासकट वर. विचार नाही, दयामाया नाही. अशा एकेरी फुलांना ती सडाफटिंग म्हणायची. कारण असं होतं की भिंतीपलीकडे घड्याळजींच्या परसात गुलाबी एकेरी कॉसमॉस तणासारखा माजलेला असायचा. माश्या काही भिंत मानत नाहीत. इकडचं तिकडे करतात, आणि एक सडाफटिंग राहू दिला तर दोनतीन वर्षांत अख्खा वाफा गुलाबी होतो. म्हणून ज्या फुलांचं बी धरायचं, त्यांच्या कळ्यांवर ती आधीच पातळ कापडाच्या पिशव्या बांधायची. फुलं आत उघडली की दोन वेगवेगळ्या रोपांवरच्या पिशव्या काढायची, दोन्ही फुलं एकमेकांवर हलकेच घासायची आणि पुन्हा बांधून टाकायची. एकट्या रोपाला बी धरत नाही. दोन लागतात. काकांनी एकदा तिला हे करताना बघितलं आणि विचारलं, लग्न लावतेस काय त्यांचं? तर ती म्हणाली, तुमच्यापेक्षा बरा जोडा आहे, बोलावलं की वाकतो तरी.

हा टोमणा उगाच नव्हता. दरवर्षी पहिलं डबल फूल उघडलं की ती मागच्या दारातून हाक मारायची, "अहो, या ना जरा. पहिलं आलंय." आणि काका पुढच्या ओसरीवर पाटीसमोर बसलेले असायचे, हाताखाली टेकूची काठी, तोंडात पेन्सिल. तिथूनच सांगायचे, "हे अक्षर पूर्ण करतो अन् येतो." खोटं बोलायचे असं नाही. पण अक्षर झालं की शब्द राहायचा, शब्द झाला की ओळ. धंद्याचीही एक शिस्त असते. ऑइलपेंटचा फटकारा अर्ध्यात सोडला की कडेला रंग धरतो, आणि पुन्हा ब्रश लावला की तिथे सांधा दिसतो. काकांच्या पाटीत कधी कुणाला सांधा सापडला नाही, हा त्यांचा अभिमान. तर हे सगळं होईपर्यंत अंधार पडायचा. मग ती म्हणायची, राहू द्या, उद्या बघा. उद्या दुसरी पाटी असायची. फूल काकांनी बघितलं नाही असं नाही, पण पहिलं उघडलेलं, तिच्या शेजारी उभं राहून, असं त्यांनी एकदाही बघितलं नाही. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा हाक मारणारं माणूसच राहिलं नव्हतं.

ती गेली उन्हाळ्यात. शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होती, आणि काकांनी ब्रशला हात लावला नाही. चमच्याने पाणी पाजायचे. ती पुरे म्हणायची, हे आणखी एक चमचा भरायचे. ती मान फिरवायची, हे म्हणायचे, एवढंच, शेवटचा. लेक बाबांना सांगून थकली की डॉक्टरांनी थोडंच द्यायला सांगितलंय. पण ज्या माणसाने जन्मभर पुरेसं दिलं नाही, त्याला पुरे म्हणजे किती हे शेवटी शेवटी कसं कळावं? मला तर त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

ती गेल्यावर लेक पंधरा दिवस राहिली, आवराआवर केली, आणि जायच्या दिवशी तिला फडताळात ती चपटी डबी सापडली. आत चिमूट-दीड चिमूट काळं, सुईसारखं बी, आणि बरोबर धुऊन घडी घातलेल्या त्या बारक्या पिशव्या. काकांनी एक पिशवी उजेडात धरली आणि बघतच राहिले. कापडाला फिकट निळी झाक होती. ते त्यांचंच रंग गाळायचं मलमलीचं फडकं होतं. दरवर्षी थंडीच्या तोंडावर त्यांचं एक फडकं नाहीसं व्हायचं, ते उंदरांच्या नावाने बोटं मोडायचे, आणि बायको गंभीर चेहऱ्याने म्हणायची, हो ना, फार झालेत मेले उंदीर. काका हसले, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. लेकही रडली.

लेकीने निघताना बजावलं, "बाबा, बी थोडंच आहे. अर्धं पेरा, अर्धं ठेवा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी तरी हाताशी राहील." काका म्हणाले, बरं. आणि लेकीची गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी ठरवलं, तिच्या फुलांत काटकसर करायची नाही. सगळंच्या सगळं बी पेरलं. डबी रिकामी.

आणि मग त्या माणसाने जे लाड सुरू केले म्हणता! राडारोडा उपसून टाकला, पोतं पोतं खत घातलं, काळी माती विकत आणून भरली. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. दुपारी ऊन लागतं म्हणून जुन्या पाटीचं कापड ताणून सावली. रोपांशी बोलायचे. आधी हळू, मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकं मोठ्याने. रोपं काय, सोन्याचा घास मिळाल्यावर तरारणारच. गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, बघता बघता काकांच्या डोक्यावर गेली. काकांनी शिडीच्या जुन्या काठ्या रोवून त्यांना आधार दिला. घड्याळजी भिंतीवरून डोकावून म्हणाले, पेंटर, हा कॉसमॉस आहे की ऊस? काकांना ती स्तुती वाटली. लेकीला फोनवर सांगितलं, आईच्या वेळी एवढा कधी झाला नव्हता.

फूल मात्र एक नाही. थंडी पडली. पलीकडे घड्याळजींच्या दगडगोट्यांच्या परसात गुलाबी कॉसमॉस फुलांनी वाकला, फुलून ओसरायलाही लागला. इकडे हिरवी भिंत नुसती डुलत होती. काकांनी आणखी खत घातलं.

शेवटी घड्याळजींच्या बायकोला राहवलं नाही. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणायचे, काकाही. तीस वर्षं भिंतीच्या त्या बाजूला कपडे वाळत घालता घालता तिने पेंटरीणबाईचा कारभार बघितला होता, आणि दोघींच्या अर्ध्या गप्पा भिंतीवरूनच व्हायच्या. वाटी परत द्यायला आली ती वाफ्यासमोर उभी राहून म्हणाली, "भावजी, राग मानू नका. पण ती यांना उपाशी ठेवायची. पोट भरलेलं असलं की हे फुलत नाहीत, नुसते वाढतात. पाणी तोडा. नाहीतर सीझन संपेल आणि तिचं बी जाईल."

तिचं बी जाईल. एवढेच शब्द काकांच्या कानात राहिले. डबी रिकामी होती. जे काही होतं ते याच वाफ्यात उभं होतं.

त्यांनी पाणी तोडलं. सांगायला दोन शब्द, पण करताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. चौथ्या-पाचव्या दिवशी पानं मलूल झाली, शेंडे झुकले. काका भरलेली झारी घेऊन दारात उभे राहायचे आणि तशीच आत न्यायचे. त्यांना अंथरुणावरचा तो सुकलेला ओठ दिसायचा. तेव्हा नको म्हणत असताना पाजलं, आणि आता मागताहेत तर देता येत नाही, हे कसलं नशीब! एक दिवस त्यांनी झारी उचलून वहिनींकडे नेऊन दिली आणि सांगितलं, ही तुमच्याकडे ठेवा, माझा माझ्यावर भरवसा नाही. आणि घरी बसवेना म्हणून इतक्या महिन्यांनी पुन्हा पाट्यांची कामं घ्यायला लागले. कामं तरी कुठे उरली होती म्हणा. सगळीकडे छापील पाट्या. पण बाजारातल्या चष्मेवाल्याला हातानेच रंगवलेली पाटी हवी होती, दारावरच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. त्याचं म्हणणं, माझं गिऱ्हाईक चष्मा घ्यायला येतं, त्याला आधी दुकान तर दिसलं पाहिजे.

त्याच सुमारास एका रात्री वारा सुटला. लाडावलेल्या रोपांची मुळं वरच्यावर, काठ्या पडल्या आणि सकाळी सगळी हिरवी भिंत आडवी. काकांनी लेकीला फोन लावला आणि नुसते "अगं" म्हणून थांबले. लेक म्हणाली, बाबा, मी येऊ का? ते म्हणाले, येऊन काय करशील.

पण झाड चिवट असतं. बरीच रोपं गेली, चारदोन मात्र आडवी पडल्या पडल्या तगली. मुळं निम्मी उपटलेली, पोटात अन्न नाही, आणि आठवडाभरात त्या आडव्या दांड्यांवर कळ्या दिसल्या. मरायची पाळी आली तेव्हा त्यांना फुलायची आठवण झाली. काकांनी धावत जाऊन पिशव्या आणल्या आणि जाड बोटांनी, दोरा तीनदा सुटत, पाटीवरच्या बारीक अक्षरासारख्या त्या कळ्यांवर बांधल्या.

पहिलं फूल उघडलं. आठ पाकळ्या. सडाफटिंग.

काका कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसून राहिले. पांढरंशुभ्र होतं, सुंदर होतं, आणि वर्षभरात या घरात आलेलं पहिलं फूल होतं. वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, राहू द्या हो भावजी एवढं, कोण बघतंय. काका म्हणाले, ती असती तर क्षणभर थांबली नसती. त्यांनी रोप मुळासकट उपटलं. मग आत जाऊन हात धुतले आणि स्वतःशीच म्हणाले, आता या घरात सडाफटिंग मी एकटाच. दोन दिवसांनी दुसरं उघडलं, त्याच्या कडेला गुलाबी झाक. तेही उपटलं.

उरली दोन रोपं.

त्यातल्या एकावर फूल आलं ते डबल. पिशवी जरा सोडून काकांनी आत बघितलं, आणि माणूस अंगणात खाली मातीतच बसला. तेच फूल. पाकळ्यांत पाकळ्या, अगदी तेच. पण आनंद करायची सोय नव्हती, कारण एकट्याला बी धरत नाही. दुसऱ्या रोपाची कळी मिटून बसलेली. पहिल्यावर सगळ्या मिळून तीनच कळ्या होत्या. पहिलं फूल वाट बघून गळलं. दुसरं उघडलं, तेही गळलं. तिसरं उघडलं आणि तेही सैल पडायला लागलं, तरी पलीकडची कळी ढिम्म. काका सकाळी उठल्याबरोबर तिच्यापाशी जायचे आणि कामाला निघताना वहिनींना सांगून जायचे, लक्ष ठेवा.

त्या दिवशी दुपारी ते चष्मेवाल्याच्या भिंतीवर शिडीच्या वरच्या पायरीवर होते. च झाला होता. ष चालू होता, पोट भरून झालं होतं आणि पोटातली तिरकी रेघ नुकतीच सुरू केली होती. तेवढ्यात खाली घड्याळजी धापा टाकत आले. त्यांचं दुकान त्याच बाजारात, आणि बायकोचा फोन आल्याबरोबर ते डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता निघाले होते.

"पेंटर, घरी जा. दुसरं उघडलंय."

"डबल आहे?"

"ते तिलाही माहीत नाही. पिशवीतून पांढरं दिसतंय म्हणते. पिशवी तुम्ही येऊन सोडा म्हणते. आणि त्या पहिल्याच्या पाकळ्या गळायला लागल्यात."

काकांचा ब्रश भिंतीवर टेकलेला होता. सवय जन्माची. तोंडातून निघून गेलं, "हे अक्षर पूर्ण करतो अन्..." आणि ते तिथेच थांबले. घड्याळजी सांगतात की त्यांनी पेंटरचा तसा चेहरा आधी कधी बघितला नव्हता. काकांनी ब्रश भिंतीवरून उचलला, डब्यात टाकला आणि शिडी उतरून चालायला लागले. चष्मेवाला बाहेर येऊन विचारतोय, अहो, अर्ध्या अक्षरावर कुठे निघालात, रंग वाळेल. काकांनी मागे वळून बघितलं नाही. भर बाजारातून, हातावर ओला काळा रंग, जवळजवळ पळत गेले.

वहिनी वाफ्यापाशी उभ्या होत्या. काकांनी हात धोतराला... छे, कुठलं काय, हात धुवायलासुद्धा थांबले नाहीत. दोरा सोडला. पिशवी काढली. बोटांचा काळा डाग पाकळीला लागू नये म्हणून मनगटाने देठ धरला.

डबल होतं. गच्च भरलेलं, पांढरं, नुकतं उघडलेलं.

वहिनींनी पहिल्याची पिशवी सोडली. काकांनी दोन्ही देठ जवळ आणले आणि फुलं एकमेकांवर घासली, तिला करताना बघितलं होतं तितक्या हलक्या हाताने. घासता घासता त्या थकलेल्या फुलाच्या पाकळ्या त्यांच्या हातात गळून पडल्या, पण मधला पिवळा कण शाबूत होता. पिशव्या पुन्हा बांधल्या. मग काका उभे राहिले आणि ऊन कलेपर्यंत तिथेच उभे होते. वहिनी म्हणतात, ते शेजारी थोडी जागा सोडून उभे राहिले होते.

बी धरलं. फार नाही, डबल फुलाला बी कमीच असतं. चिमूटभर म्हणायला चिमटीत जरा सैलच. काकांनी ते दोन पुड्या करून ठेवलं, अर्धं पेरायला, अर्धं डबीत, आणि लेकीला फोन करून सांगितलं की या वेळी तुझं ऐकलंय. खत बंद. राडारोडा पुन्हा आणून टाकला, झारी अजून वहिनींकडेच असते, आणि रोपं जरा तरारली की भिंतीपलीकडे आवाज येतो, "माजलात का रे?"

चष्मेवाल्याची पाटी काकांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण केली. पण ष मध्ये सांधा राहिलाच. त्या तिरक्या रेघेत, अगदी मधोमध, रंगाचा बारीक उंचवटा धरला होता. चष्मेवाल्याची नजर ती, त्याला दिसल्याशिवाय कशी राहील? म्हणाला, "काका, एवढं घासून पुन्हा मारा ना. तुमच्या हाताला शोभत नाही."

काकांनी शिडीवरून त्या सांध्यावर एकदा बोट फिरवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तेवढ्यात मी घरी जाऊन आलो होतो."

मग त्यांनी खाली उतरून ब्रश पुसला, शिडी खांद्यावर घेतली आणि रंग गाळायचं एक कोरं फडकं घडी करून खिशात टाकलं. पुढच्या थंडीत पिशव्यांना लागणार होतं.